उसनवारी आणि गहाणखत : कॉमिक्सने पडद्याशी जुळवून घ्यावे का?

मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा घरी आला होता. तेरा वर्षांचा आहे. मार्व्हलचे सगळे सिनेमे त्याचे पाहून झालेले, काही तर तीन-तीनदा. एका दुपारी माझ्या कपाटातली जुनी कॉमिक्स चाळता चाळता तो थबकला आणि म्हणाला, "मामा, हा निक फ्युरी गोरा कसा काय? छापताना चुकलंय का?"

तो अंक मी फार वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचलला होता. मी त्याला म्हटले, "चुकलेलं नाही रे. आधीचा निक फ्युरी असाच होता." त्याचे समाधान झाले नाही. "पण खरा तर सॅम्युअल जॅक्सन आहे ना?"

'खरा' या शब्दापाशी मी अडकलो. त्याला उत्तर द्यायचे म्हणून मी जुने अंक, त्यांच्या तारखा आणि सिनेमांच्या तारखा शेजारी शेजारी मांडू लागलो. त्यातून हा लेख झाला. प्रश्न साधा आहे. पडद्यावर सुपरहिरोचे रूप बदलले, तर कागदावरच्या सुपरहिरोनेही बदलावे का? जुन्या वाचकांचे उत्तर बहुधा 'मुळीच नाही' असे असते. प्रकाशकांच्या विक्री विभागाचे उत्तर 'अर्थात' असे असते. मी स्वतः जुना वाचक आहे, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे उघड आहे. पण तारखा मांडल्यावर माझे म्हणणे होते तसे राहिले नाही.

फ्युरीपासूनच सुरुवात करू. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ साली हे पात्र निर्माण केले. दुसऱ्या महायुद्धातला, सिगार चघळणारा, गोरा सार्जंट. पुढे १९६५ मध्ये तो शिल्ड या गुप्तहेर संघटनेचा माणूस झाला. मार्व्हलने २००० साली आपल्या नायकांच्या कथा नव्याने, समांतर विश्वात सांगणारी 'अल्टिमेट' नावाची शाखा काढली. त्या शाखेतल्या 'द अल्टिमेट्स' या मालिकेत २००२ मध्ये लेखक मार्क मिलर आणि चित्रकार ब्रायन हिच यांनी फ्युरीला सरळ सॅम्युअल जॅक्सनचा चेहरा दिला. तेव्हा जॅक्सनचा या पात्राशी काही संबंध नव्हता. सहा वर्षांनी, 'आयर्न मॅन'च्या शेवटी, तोच जॅक्सन फ्युरी म्हणून पडद्यावर आला. म्हणजे भाच्याचा 'खरा' फ्युरी पडद्यावर येण्याआधी कागदावर जन्मला होता. समांतर विश्वात का होईना, पण कागदावरच.

गोष्ट इथे थांबली असती तर बरे होते. मात्र मार्व्हलच्या मुख्य विश्वात अजून जुना गोरा फ्युरीच होता, आणि सिनेमा पाहून दुकानात येणाऱ्याला तो ओळखू येत नव्हता. म्हणून 'बॅटल स्कार्स' या मालिकेत मार्कस जॉन्सन नावाचा एक कृष्णवर्णीय सैनिक आणला गेला. तो फ्युरीचा मुलगा निघाला, त्याचा एक डोळा गेला, आणि २०१२ साली मालिका संपता संपता त्याने निक फ्युरी हे नाव धारण केले. त्याच मालिकेत, सिनेमासाठी निर्माण झालेला एजंट कोल्सनही मुख्य विश्वात दाखल झाला. एका फ्युरीला जन्म द्यायला लेखक-चित्रकाराची लहर पुरली. दुसऱ्याला जन्माला घालण्यासाठी मुलगा, डोळा आणि नाव यांची जुळवाजुळव करावी लागली. दुसऱ्याची लक्षात राहिलेली एखादी कथा सांगा म्हटले, तर मला सांगता येत नाही.

तरीही यावरून 'पडद्याकडून काही घेऊच नये' असा निष्कर्ष काढता येत नाही. 'मूळ' म्हणून आपण ज्याची बाजू घेतो, तेच किती उसने आहे हे सुपरमॅनकडे पाहिले की कळते. जून १९३८ च्या तारखेने निघालेल्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचा सुपरमॅन उडत नव्हता. तो उडी मारायचा, एका उडीत मैलाचा आठवा भाग. पत्रकार जिमी ऑल्सन आणि संपादक पेरी व्हाइट ही नावे १९४० साली सुरू झालेल्या रेडिओ मालिकेतून आली. त्याला हतबल करणारे क्रिप्टोनाइट १९४३ साली रेडिओवर अवतरले आणि कॉमिक्समध्ये पोचायला त्याला १९४९ उजाडले. उडण्याबद्दल असे सांगितले जाते, की १९४१ पासून निघालेल्या चलच्चित्रांत त्याच्या उड्या बेडकासारख्या दिसू लागल्या, म्हणून फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओने त्याला सरळ उडवले. लवकरच कागदावरही तो उडू लागला.

उडी कागदावर शोभते, कारण चित्रकार तिचा एकच क्षण पकडतो. माणूस हवेत आहे एवढेच दिसते. हलत्या चित्रात तो खाली येऊन आदळतो आणि पुन्हा उसळतो. म्हणजे सुपरमॅनचे उडणे ही आधी दुसऱ्या माध्यमाची अडचण होती. आज उडता न येणारा सुपरमॅन कोणाला सुचणारही नाही. क्रिप्टोनाइटचेही तसेच. सर्वशक्तिमान नायकाची गोष्ट रोज रोज सांगायची तर त्याला कुठेतरी हतबल करावेच लागते, आणि रोज गोष्ट सांगण्याची निकड रेडिओला आधी जाणवली. दोन्ही गोष्टी कॉमिक्सने उचलल्या आणि स्वतःच्या करून टाकल्या.

'मूळ' रूपाचा आग्रह आपल्याकडच्या वाचकाला तर फारसा धरताच येणार नाही. माझ्या पिढीने ली फॉकचा फँटम वाचला तो 'वेताळ' म्हणून. टाइम्स समूहाने १९६४ साली सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्सने त्याला मराठीत आणला आणि त्याच्या देशाचे बंगालशी साम्य सांगणारे नाव बदलून 'डेंकाली' केले. आम्हाला डेंकालीच खरी वाटत होती. तो बदल वाचकासाठी केलेला होता आणि त्यात वेताळाचे काही बिघडले नाही.

मग बिघडते कुठे? याचे उत्तर मला बॅटमॅनच्या इतिहासात सापडले, कारण पडद्याशी त्याचे जमणे आणि फिसकटणे दोन्ही तिथे एकत्र पाहायला मिळते.

ब्रूस वेनचा बटलर आल्फ्रेड १९४३ साली पहिल्यांदा कॉमिक्समध्ये आला तेव्हा तो गुबगुबीत होता आणि त्याला मिशी नव्हती. त्याच वर्षी कोलंबिया कंपनीची पंधरा भागांची बॅटमॅन चित्रमालिका आली. त्यातला आल्फ्रेड, विल्यम ऑस्टिन हा नट, सडपातळ आणि मिशीवाला होता. कॉमिक्सने काय करावे? जानेवारी १९४४ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'मध्ये आल्फ्रेड सुट्टी घेऊन आरोग्यधामात जातो आणि बारीक होऊन, मिशी राखून परततो. आज हे वाचताना हसू येते, पण मला त्यातला प्रामाणिकपणा आवडतो. बदल झाला हे लपवलेले नाही. त्याची गोष्ट सांगितलेली आहे.

आल्फ्रेडला पडद्याने आणखी एकदा वाचवले. १९६४ मध्ये कॉमिक्सने त्याला मारून टाकले होते. जानेवारी १९६६ मध्ये एबीसी वाहिनीवर बॅटमॅन मालिका सुरू झाली. तिला आल्फ्रेड हवा होता, म्हणून त्याच वर्षी तो कागदावरही जिवंत झाला. त्याच मालिकेचे निर्माते विल्यम डोझियर यांना तरुण स्त्री-पात्र हवे होते. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ आणि चित्रकार कार्माइन इन्फन्टिनो यांच्याकडून बार्बरा गॉर्डन, म्हणजे बॅटगर्ल, तयार झाली. जानेवारी १९६७ च्या अंकात ती आधी आली आणि टीव्हीवर त्यानंतर. मागणी टीव्हीची होती. पण पुढे १९८८ साली 'द किलिंग जोक'मध्ये जोकरची गोळी लागून बार्बरा चाकांच्या खुर्चीला खिळली, आणि १९८९ मध्ये किम येल व जॉन ऑस्ट्रँडर यांनी तिला 'ओरॅकल' केले. संगणकासमोर बसून सगळ्या नायकांना माहिती पुरवणारी अशी बाई साठच्या दशकातल्या कुठल्याही टीव्ही निर्मात्याला सुचली नसती.

याच मालिकेने बॅटमॅनचे नुकसानही केले. ती जाणूनबुजून थट्टेची मालिका होती. पडद्यावर ठळक अक्षरांत ठोशांचे आवाज उमटत, ॲडम वेस्टचा बॅटमॅन गंभीर चेहऱ्याने हास्यास्पद बोले. तिथे ते चपखल होते, कारण ती थट्टा मुळात कॉमिक्सचीच होती. कॉमिक्सने तोच सूर उचलला आणि त्यातली गंमत गेली. नकलाकाराची नक्कल मूळ माणसानेच करावी तसे ते झाले. १९६८ मध्ये मालिका संपली, तिच्यामुळे वाढलेला खप ओसरला, आणि हाती उरला तो स्वतःचा आवाज हरवलेला बॅटमॅन. १९७० च्या आसपास लेखक डेनी ओ'नील आणि चित्रकार नील ॲडम्स यांनी त्याला पुन्हा अंधारात नेले. पुढच्या सगळ्या बॅटमॅन सिनेमांना जो काळोख हवाहवासा वाटला, त्याची पुनर्बांधणी या माणसांनी केली, आणि तीही पडद्याकडे पाठ फिरवून.

म्हणजे एकाच मालिकेतून बॅटगर्लही आली आणि हा पडता काळही. पात्र घेतले तेव्हा कॉमिक्सकडे लिहायला काहीतरी आले. सूर घेतला तेव्हा जे लिहिता येत होते तेही गेले.

आता विक्री विभागाची बाजूही ऐकली पाहिजे. तिच्यात तथ्य आहे. कॉमिक्सचा वाचक म्हातारा होत चालला आहे. चाळीस-पन्नास वर्षांचा गुंता माहीत असल्याशिवाय अंक कळत नाही. सिनेमा पाहून उत्साहाने दुकानात आलेल्या मुलाला जर त्याचा नायक ओळखूच आला नाही, तर तो हात हलवत परत जाणार. माझ्याच घरात, माझ्याच कपाटासमोर ते घडले होते.

या विचाराने २००० नंतर काय काय झाले ते पाहू. 'एक्स-मेन'चा पहिला सिनेमा २००० साली आला, त्यात सगळे काळ्या चामड्यात होते. पुढच्याच वर्षी ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांच्या 'न्यू एक्स-मेन'मध्येही काळी-पिवळी जाकिटे आली. कथा उत्तम होत्या, पण जाकिटे टिकली नाहीत. २००४ साली जॉस व्हीडन आणि जॉन कॅसाडे यांच्या मालिकेत सायक्लॉप्स सहकाऱ्यांना पुन्हा रंगीत पोशाख चढवायला लावतो, कारण जगाला आपण नायक म्हणून दिसलो पाहिजे. चामडे ही कॅमेऱ्याची गरज होती. घट्ट पिवळे कापड खऱ्या माणसाच्या अंगावर विनोदी दिसते, चित्रातल्या माणसाच्या अंगावर दिसत नाही.

स्पायडर-मॅनचे उदाहरण याहून बोलके आहे. १९६२ पासून पीटर पार्करने जाळे फेकण्याचे यंत्र स्वतः बनवले आहे. सॅम रेमीच्या २००२ च्या सिनेमात ते जाळे त्याच्या मनगटातून आपोआप येऊ लागले. दोन तासांत एवढे शोध दाखवणे जड जाते, त्यामुळे सिनेमापुरते ते ठीकच होते. २००४ मध्ये कॉमिक्सनेही पीटरला एका विचित्र रूपांतरातून नेऊन तसेच करून टाकले. त्यात गेले काय? गरीब घरातला हुशार मुलगा स्वतःच्या हातांनी काहीतरी बनवतो, ही गोष्ट गेली. ऐन झुंजीत जाळ्याचे रसायन संपणे, हा लेखकांचा चाळीस वर्षांचा हुकमी पेच गेला. बदल्यात नवी कथा एकही मिळाली नाही. २००८ मध्ये यंत्र परत आले. गंमत म्हणजे २०१२ च्या नव्या सिनेमानेही यंत्रच निवडले. ज्याच्याशी जुळवून घेतले, तोच जागा सोडून निघून गेला होता.

इथवरच्या गोष्टी निदान दिसण्याच्या तरी होत्या. पुढची नात्याची आहे. वांडा, म्हणजे स्कार्लेट विच, आणि तिचा जुळा भाऊ क्विकसिल्व्हर ही मॅग्नेटोची मुले, हे १९८२ मध्ये उघड झाले होते. आपल्या मुलांचा बाप म्हणून जगासमोर उभा राहणारा खलनायक, ही तीस वर्षे अनेक लेखकांनी जोपासलेली गोष्ट होती. पण एक्स-मेन आणि म्युटंट यांचे चित्रपटहक्क फॉक्स कंपनीकडे होते. मार्व्हलला आपल्या २०१५ च्या 'ॲव्हेंजर्स'मध्ये ही भावंडे घेता आली, तरी त्यांना म्युटंट म्हणता येत नव्हते आणि मॅग्नेटोचे नावही काढता येत नव्हते. सिनेमात ती एका प्रयोगातून घडली. आणि २०१४ च्या अखेरीस कॉमिक्समध्ये उघड झाले, की ती मॅग्नेटोची मुले नव्हेतच. पुढे ती म्युटंटही नसल्याचे ठरले. याला योगायोग म्हणणे मला जड जाते. दोन कंपन्यांमधल्या कागदपत्राने कथेतला बाप बदलावा, याला मी रूपांतर म्हणणार नाही. उसने आणले तर घर आपले राहते. इथे घरच गहाण पडले.

याचे नुकसान जुन्या वाचकाच्या भावनांपुरते नाही. खरे नुकसान उद्याच्या सिनेमाचे आहे. कॅप्टन अमेरिकाचा साथीदार बकी मेलेलाच राहिला पाहिजे, हा कॉमिक्सचा अलिखित नियम होता. एड ब्रूबेकर आणि चित्रकार स्टीव्ह एप्टिंग यांनी २००५ साली तो मोडला आणि 'विंटर सोल्जर' उभा केला. कागदावर एक अंक फसला तर पुढच्या महिन्यात दुसरा निघतो. सिनेमा फसला तर कोट्यवधी डॉलर बुडतात. म्हणून असे धाडस कागदावरच होते, आणि यशस्वी ठरले की नऊ वर्षांनी त्याचा सिनेमा होतो. २००५ साली ब्रूबेकरला कोणी 'पडद्याशी जुळवून घे' म्हटले असते, तर २०१४ चा सिनेमा निघालाच नसता.

आणि या व्यवहारात पैसा कोणाकडे जातो तेही पाहावे. सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना विकले होते. ब्रूबेकरने जाहीरपणे सांगितले आहे, की 'विंटर सोल्जर' निर्माण करण्याच्या मोबदल्यापेक्षा त्या सिनेमात क्षणभर दिसण्याबद्दलचे पैसे त्याला जास्त मिळाले. ज्यांच्याकडून आपण घेतो त्यांना नीट देत नाही. वर त्यांच्याकडून अशी अपेक्षा, की त्यांनी आपण घेतलेल्याची प्रत काढत बसावे.

एक खुलासा करायला हवा. बदलांना विरोध करणाऱ्यांमध्ये काहींचा राग वेगळाच असतो. नायकाचा रंग बदललेला त्यांना चालत नाही. माझे म्हणणे ते नाही. ब्रायन मायकेल बेंडिस आणि सारा पिचेली यांनी २०११ साली माइल्स मोरालेस हा कृष्णवर्णीय वडील आणि प्वेर्तो रिकन आई असलेला स्पायडर-मॅन घडवला. कुठल्या सिनेमाशी जुळावे म्हणून तो आलेला नव्हता. त्याला 'अल्टिमेट' शाखेत स्वतःचे घर, आईबाप, मित्र आणि पुरेसे अंक मिळाले. २०१९ मध्ये त्याच्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. मार्कस जॉन्सनला यातले काहीच मिळाले नाही, त्याच्यावर नुसते नाव चढवले गेले. अन्याय झाला असेल तर तो त्याच्यावर.

माइल्सवरून नव्या वाचकाच्या प्रश्नाचे उत्तरही मिळते. त्याच्यासाठी वेगळी खोली बांधावी, जुन्या घराच्या भिंती पाडू नयेत. डीसीने १९९२ मध्ये बॅटमॅनच्या ॲनिमेशन मालिकेवर बेतलेली स्वतंत्र कॉमिक मालिका काढली होती. त्याच ॲनिमेशनमध्ये पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांनी हार्ली क्विन आणली. ती मुख्य कॉमिक्समध्ये आली १९९९ साली. मधली सात वर्षे ती त्या शेजारच्या खोलीत वाढली आणि घरात शिरली तेव्हा तिच्याजवळ स्वतःची गोष्ट होती.

हा प्रवास आता आपल्या दारापर्यंत आला आहे. २००४ साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी 'स्पायडर-मॅन : इंडिया' काढले. त्याचा नायक पवित्र प्रभाकर शिष्यवृत्तीवर खेड्यातून मुंबईत आलेला आणि गावंढळ म्हणून चिडवला जाणारा मुलगा होता. चार अंकांनंतर तो जवळजवळ विस्मरणात गेला. २०२३ च्या स्पायडर-व्हर्स चित्रपटात तो परतला तो एकदम शहरी, आत्मविश्वासाने फुललेला, 'चाय टी' म्हणणाऱ्या माइल्सला तिथल्या तिथे झापणारा. तो चित्रपट मराठीतही आला. त्यातल्या 'मुंबाटन' नगरीची चित्रशैली इंद्रजाल कॉमिक्सवरून घेतलेली आहे हे वाचले तेव्हा मला माझी डेंकाली आठवली. मार्व्हलने त्याच वर्षी पवित्रची नवी मालिकाही काढली.

या पवित्रने पडद्याशी जुळवून घ्यावे का? माझ्यासारख्या जुन्या वाचकालाही वाटते, की त्याने तो आत्मविश्वास जरूर उचलावा. २००४ च्या बुजऱ्या मुलापेक्षा तो मला जास्त ओळखीचा वाटतो. पण मुंबाटन कागदावर तशीच्या तशी उतरवू नये. सिनेमात त्याच्या वाट्याला काही मिनिटेच आली. ते शहर कसे चालते, मायाकाकूचे घर कसे भागते, शाळेत त्याला कोण ओळखते, हे सांगायला कागदावर महिनोन् महिने आहेत. पडद्यावरचे जे घेतल्याने पुढच्या लेखकाला नवी गोष्ट सांगता येईल ते घ्यावे. मुखपृष्ठ पोस्टरसारखे दिसावे एवढ्यासाठी जे घ्यावे लागते ते नाकारावे. माझी कसोटी एवढीच आहे, आणि ती आधी लावणे अवघड असते हेही मला मान्य आहे. उडणारा सुपरमॅन पहिल्यांदा पाहणाऱ्या १९४१ च्या वाचकाला मी काय सल्ला दिला असता, कोण जाणे.

भाच्याला मी शेवटी तिन्ही फ्युरी एका रांगेत मांडून दाखवले. माझा जुना अंक, 'अल्टिमेट्स'चा संग्रह आणि त्याच्या फोनवरचा सिनेमाचा फोटो. तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे सिनेमावाल्यांनी कॉमिकची कॉपी केली, आणि मग कॉमिकवाल्यांनी सिनेमाची?" मी हो म्हटले. "मग कॉमिकवाल्यांनी आपलीच कॉपी केली की!" सुट्टी संपून जाताना त्याने गोऱ्या फ्युरीचा अंक मागून नेला. अजून परत केलेला नाही.